योग्य जागा त्वरित हवी

चूक माझी नव्हती, शब्दाची होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या घरात या प्रकरणाचा जो इतिहास सांगितला जातो, त्यात शब्दाचं नाव कुठेच येत नाही. माझंच येतं.

घरगुती यंत्राच्या खोक्यात सगळ्यात खाली एक पातळ पुस्तिका असते ना, जी काढून लोक टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवतात, ती मी लिहायचो. पंखा, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र. ‘वापरण्यापूर्वी काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य मी एकोणीस वर्षं लिहिलं. ते कुणी वाचलं असेल असा पुरावा नाही, पण माझ्या पुस्तिकेतल्या एकाही वाक्याचा दुसरा अर्थ कधी निघाला नाही, हा माझा अभिमान होता. मग कंपनीने ठरवलं की लोकांना आता चित्रफीत दाखवायची. आमचा विभाग बंद झाला. विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. खुर्ची ठेवून घेतली.

तेवढ्यावर भागलं असतं, तर मी महिनाभर आरामात रुसून बसलो असतो. पण त्याच सुमारास बायकोच्या प्रयोगशाळेचंही बिऱ्हाड हललं. ती पाणी तपासते. प्रयोगशाळा सहा तासांवरच्या दुसऱ्या शहरात चालली होती आणि इथे फक्त एक छोटा कक्ष उरणार होता, अर्ध्या दिवसाचा. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस आपलं घर, आपली झाडं, हे तिचं दहा वर्षांचं स्वप्न. पण अर्ध्या पगारावर दोघांचं चालणार नव्हतं. मला नोकरी मिळाली तर आम्ही इथे राहणार, नाही मिळाली तर चंबूगबाळं आवरून तिकडे. तिने काय ते तीस तारखेपर्यंत लेखी कळवायचं होतं. हे घर सोडायचं नाही, याबाबत आमच्यात लग्नानंतर प्रथमच पूर्ण एकमत होतं.

पहिल्याच आठवड्यात बायकोने माझ्यासमोर एक कोरी वही ठेवली.

“ही कशाला?”

“रोज नोकरी शोधायची, आणि रोज एक तरी आनंदाची गोष्ट यात लिहायची. संध्याकाळी मी वाचणार. नाहीतर तू महिन्याभरात असा काही खवीस होशील की नोकरी मिळाली तरी माझ्या उपयोगाचा राहणार नाहीस.”

सोमवारी मी लिहिलं, ‘चहा गरम होता.’

“हा आनंद नाही,” ती म्हणाली, “हे तापमान आहे. नीट लिही.”

मंगळवारी लिहिलं, ‘मुलाखतीला जायची बस चुकली. पुढच्या बसला खिडकी मिळाली.’ यावर तिने बरोबरची खूण केली. मला शाळेत कधी झाला नाही इतका आनंद झाला, आणि तोच बुधवारच्या खात्यात लिहून टाकला.

मग मात्र मला चटक लागली. आता यात एक अडचण होती. आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात आणि त्यांची खुर्ची फाटकाकडे तोंड करून असते. माझी नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाल्याला नाही, बेकरीवाल्याला नाही, कुणालाच नाही. रोज नऊला दहा कमी असताना मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन त्यांच्यासमोरून ‘निघालो बरं का मावशी’ म्हणत बाहेर पडायचो. दोनचार ठिकाणी अर्ज टाकायचो, वाचनालयात जायचो, आणि अकराच्या सुमाराला मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, चोरासारखा स्वतःच्या घरात शिरायचो.

आणि काय सांगू, त्या घराशी माझी ओळखच नव्हती हो! अकरा वाजता स्वयंपाकघराच्या तिसऱ्या फरशीवर ऊन येतं, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. ते साडेबारापर्यंत सरकत सरकत ओट्याच्या पायाशी जातं आणि तिथे जरा वेळ थांबतं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी शिवणयंत्र चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. चार वाजता बेकरीची दुसरी भट्टी निघते, आणि तेव्हा तिथे गेलं तर पाव इतका गरम असतो की पिशवीऐवजी शर्टाला धरून आणावासा वाटतो. वाचनालयात माझ्यासारखे दहाबारा जण कडक शर्ट घालून बसलेले असतात. कुणी कुणाकडे बघत नाही, पण नोकऱ्यांचं पान न बोलता डावीकडून उजवीकडे फिरतं. त्यातले एक मिशीवाले गृहस्थ शब्दकोडं सोडवतात आणि शेवटचा शब्द माझ्यासाठी मुद्दाम रिकामा ठेवतात. मी तो भरतो. त्यांनी कधी वर पाहिलं नाही, मी कधी आभार मानले नाहीत. असं आमचं मस्त चाललं होतं.

नोकरी मात्र मिळत नव्हती. एका ठिकाणी मुलाखतीआधी चाळीस मिनिटं अशा एका खुर्चीत बसवलं की पाठीला आई आठवली. आत गेल्यावर एका कोवळ्या मुलीने विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” मी म्हणालो, “बाहेरच्या खुर्चीत.” संध्याकाळी वहीत खुर्चीवर अख्खं पान झालं. बायकोने ते वाचलं आणि चष्मा काढला.

“शोध नोकरीचा चाललाय की खुर्च्यांचा? आज अकरा तारीख आहे.”

माझी अवस्था त्या दिवसांत काय झाली होती, याचा एकच दाखला देतो. रविवारी दुपारी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवा झालो होतो. बायकोने हळूच विचारलं, “जागा आहेस का रे?”

मी ताडकन उठून बसलो आणि विचारलं, “कुठे? कितव्या पानावर?”

तेव्हाच मी त्या शब्दापासून सावध व्हायला हवं होतं.

आता तारकाकांचं आगमन. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहतात. वय ऐंशीच्या घरात. सगळी नोकरी तारखात्यात झाली, लोकांच्या तारा लिहून घेण्यात. त्यामुळे प्रत्येक शब्दाला किंमत पडते, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. जिथे आपण ‘काका, या ना, बसा, चहा घेणार का’ म्हणतो तिथे ते नुसतं ‘घेईन’ म्हणतात आणि बसतात. एका सकाळी अकरा वाजता मागच्या जिन्यावर आमची गाठ पडली.

“चपला हातात?” ते म्हणाले.

मला खोटं सुचलं नाही. आत नेऊन सगळं सांगितलं. सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गेली. दुसरी शोध. चिठ्ठी लाव.”

“चिठ्ठी?”

“दुकानांत. थांब्यावर. कळल्याशिवाय देणार कोण?”

मला ते पटलं. मी बसून शंभरेक शब्दांचा मजकूर लिहिला. स्वच्छ, सुटसुटीत, मुद्द्यांना क्रमांक वगैरे. काकांनी खिशातून पेन काढलं आणि एखादा माळी कुंपण छाटतो तसे ते माझ्या मजकुरावर तुटून पडले.

“‘तांत्रिक माहितीपुस्तिकांच्या लेखनाचा’, जड आहे. काढ. ‘अनुभव’, एकोणीस वर्षांत आला. काढ. ‘नोकरी’...” इथे ते थबकले. “नोकरी हवी म्हणणं बरं दिसत नाही. हात पसरल्यासारखं वाटतं. आमच्या वेळी ‘जागा’ म्हणत. अमक्याच्या कचेरीत जागा आहे. भारदस्त शब्द.”

खरं सांगतो, ‘नोकरी हवी’ हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहून चौकात लावायचे, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. त्यामुळे ‘जागा’ मला एकदम आवडली. नावही घातलं नाही, नुसता फोन नंबर. शेवटी जे उरलं ते असं:

‘सुशिक्षित, निर्व्यसनी, मितभाषी गृहस्थास या भागात योग्य जागा त्वरित हवी. आधीच्या ठिकाणी एकोणीस वर्षं. तक्रार नाही. दीर्घकाळ राहण्याची तयारी.’

“वा!” काका म्हणाले. “नंबर धरून वीस शब्द.” त्यांनी बोटांवर मोजले होते.

मी तो मजकूर पुन्हा वाचला. एकोणीस वर्षं दुसऱ्या अर्थांवर पाळत ठेवलेला मी माणूस, मला त्यात दुसरा अर्थ दिसला नाही. दिसला नाही म्हणजे नाहीच दिसला. एक चिठ्ठी इस्त्रीवाल्याकडे लावली, एक बेकरीत. तिसरी काकांनी स्वतः जाऊन बसथांब्यावरच्या कुलूपबंद काचेच्या फलकात, फटीतून सरकवली. आत गेली आणि वेळापत्रकाच्या बरोबर मधोमध बसली.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला. बाईंचा आवाज होता.

“जागेसाठी तुम्हीच ना? किती माणसं?”

“मी एकटाच,” मी म्हणालो. “आमच्या विभागात मी एकटाच होतो.”

“बाकीचे?”

“बाकीचे आधीच्याच ठिकाणी आहेत.”

“बरं. गाणंबजावणं?”

इथे मी जरा चक्रावलो. पण माझा मेहुणा मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्याच खात्यात आहे आणि त्याने मला बजावलं होतं की हल्ली मुद्दाम तिरकस प्रश्न विचारतात, गडबडायचं नाही. मी न गडबडता म्हणालो, “अंघोळ करताना थोडंफार.” बाईंनी फोन ठेवला.

दुसरा फोन एका पुरुषाचा. “साहेब, जागा आहे. आज चारला येता? बेकरीमागची गल्ली, पिवळी इमारत, तिसरा मजला. नक्की पसंत पडेल.”

मला पसंत पडेल! आजवर सगळे मला नापसंत करत होते आणि हा माणूस मला विचारत होता! मी नवा शर्ट काढला. बायकोला कामावर फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “फाइल घे. आणि खुर्चीबद्दल बोलू नकोस.”

पिवळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कमरेला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा लावलेला एक गोलमटोल गृहस्थ उभा होता. त्याने दार उघडलं. आत काहीच नव्हतं. चार भिंती आणि एक लोंबता दिवा. नवीन कंपनी असणार, सामान यायचं असेल, असा मी विचार केला.

“कधीपासून रिकामी आहे जागा?” मी विचारलं.

“तीन महिने. आधीचे भांडून गेले.”

“कुणाशी?”

“वरच्यांशी.”

हा माणूस प्रामाणिक दिसत होता. मी आवाज खाली आणला. “वर कोण आहे?”

“एक बाई आहेत. वयस्कर. सकाळी सहा ते आठ जरा आदळआपट करतात, पण मनाने चांगल्या हो. दिवाळं वाजल्यासारखं तोंड करून बोलतात इतकंच.”

“चालायचंच. आमच्या आधीच्या वरिष्ठांचंही तसंच होतं. आणि माझ्या खाली किती जण?”

“खाली नवराबायको आणि दोन लहान मुलं.”

“अख्खं कुटुंबच?”

“हो, पण तुम्हाला त्यांचा काही त्रास नाही. तुमच्या वाटेला जाणार नाहीत.”

मी तरीही पाय रोवून उभा होतो. मेहुण्याने गडबडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाला, “इथे तुम्ही झोपायचं.”

“कामाच्या वेळात?” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. मग त्याची नजर माझ्या हातातल्या फाइलवर गेली आणि माझी त्याच्या किल्ल्यांवर. त्याला माझ्याआधी उमगलं. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एकोणीस वर्षं! ‘तक्रार नाही!’ ‘दीर्घकाळ राहण्याची तयारी!’ प्रत्येक शब्द नव्याने माझ्यासमोर येऊन मला वाकुल्या दाखवत होता.

निघालोच होतो, तेवढ्यात खिडकीतून गरम पावाचा वास आला. चार वाजले होते. दुसरी भट्टी. आणि त्याच वेळी पश्चिमेचं ऊन समोरच्या भिंतीवर येऊन पसरलं.

“ही खोली तुम्ही लोकांना केव्हा दाखवता?” मी विचारलं. रागातच विचारलं.

“सकाळी अकराला. का?”

“अकराला इथे काय असणार? अंधार आणि वरच्या बाईंची धुणी. चारला दाखवा. खिडकी उघडी ठेवून.”

याच वेळी जिन्यावरून एक नर्सबाई आल्या. दुसरं गिऱ्हाईक. दमलेल्या, कपाळाला आठ्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि नाही म्हणायला तोंड उघडलं. माझ्यातला पुस्तिकालेखक गप्प बसेना. मी म्हणालो, “बाई, आधी दोष सांगतो. वरच्या बाई सकाळी सहा ते आठ आदळआपट करतात.”

किल्ल्यांवाल्या एजंटने कपाळावर हात मारला.

“मी रात्रपाळी करून साडेआठला येते,” त्या म्हणाल्या.

“मग तुम्हाला ती ऐकूच येणार नाही. तुम्ही झोपाल आणि चारला उठाल. उठाल तेव्हा समोर हे ऊन आणि खालून हा वास. खाली जाऊन पाव घेऊन यायला चार मिनिटं लागतात.”

त्या खिडकीपाशी गेल्या.  मग म्हणाल्या, “किल्ली कधी मिळेल?”

मी तिथून काढता पाय घेतला. तिन्ही चिठ्ठ्यांची विल्हेवाट लावायची होती. बेकरीतली काढली. इस्त्रीवाल्याकडची काढायला गेलो तर तो म्हणाला, “साहेब, तुमच्या मालकीणबाई मघाशी ती वाचूनच गेल्या. म्हणाल्या, माझी खालची खोली द्यायची आहे, हा माणूस चांगला दिसतोय, आणि इथेच उभ्या राहून नंबर लावायला लागल्या.”

“मग?”

“मग काही नाही. फोनकडे बघितलं आणि न बोलता गेल्या.”

त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर ‘दुसरा मजला’ या नावाने साठवलेला आहे. त्या फोनने त्यांना सगळं सांगितलं होतं.

घरी पोचलो तर त्या आमच्या बैठकीत बसलेल्या, आणि समोर बायको चेहरा पाडून.

“काय कमी केलं मी?” मालकीणबाईंनी सुरुवात केली. “बारा वर्षं राहताय. नळ सांगितला, नळ करून दिला. आणि चौकात चिठ्ठी लावता? ‘आधीच्या ठिकाणी तक्रार नाही’ म्हणे! मग आता काय तक्रार आहे ते माझ्या तोंडावर सांगा ना!”

“मावशी, तसं नाही...”

“आता काही बोलू नका. माझा भाचा घर बघतोय. पहिल्या तारखेला ये म्हणून त्याला शब्द दिलाय मी.”

मी बायकोकडे पाहिलं. तिला घर सोडायचं नव्हतं आणि आता माझ्या वीस शब्दांनी ते सुटत होतं, नोकरी मिळाली असती तरीही.  खुर्चीत बसलो आणि महिनाभर जे मालकीणबाईंपासून लपवलं होतं ते सांगून टाकलं.

“मावशी, मला घर नकोय. मला नोकरी हवी आहे. माझी नोकरी गेली. रोज सकाळी मी तुम्हाला फसवून बाहेर पडतो आणि मागच्या जिन्याने परत येतो.”

 मग मालकीणबाई म्हणाल्या, “चपला हातात घेऊन, ना? ते मी रोज बघते. मागचा जिना माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतो. मला वाटायचं, धुतलेला जिना घाण होऊ नये म्हणून काढतात. मी सगळ्या बिऱ्हाडांना तुमचं उदाहरण देत होते!”

बायको फस्सकन हसली आणि लगेच रडायला लागली. मालकीणबाईही विरघळल्या. “अहो, मग तसं लिहायचं ना!” असं दहादा म्हणाल्या. पण जाताना दारात थांबून म्हणाल्या, “माझं वाईट वाटून घेऊ नका. शब्द दिलाय. तो स्वतः नको म्हणाला तर गोष्ट वेगळी.”

त्या गेल्यावर बायको वही घेऊन बसली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार.

“रागावलीस?”

“घाबरलेय,” ती म्हणाली. “घर सोडून जायला नाही रे. तुला दुखतं तेव्हा तू मला पावाच्या गोष्टी सांगतोस. त्या मला आवडतात. पण दुखतं तेही सांगत जा की.”

“दुखतं,” मी म्हणालो. “फार दुखतं. आणि पावही खरंच गरम असतो.”

“माहितेय मला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरच्या चिठ्ठीसाठी पालिकेच्या कचेरीत गेलो, कारण फलकाची किल्ली त्यांच्याकडे आणि माझा फोन सारखा वाजत होता. खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, “चिठ्ठी लावण्याचा परवाना?”

“परवाना नाही. म्हणूनच काढायची आहे.”

“परवाना नसेल तर आमच्या लेखी चिठ्ठी लागलेलीच नाही. लागलेली नाही ती काढणार कशी?” मग त्याला माझी दया आली असावी. त्याने एक अर्ज पुढे सरकवला. मी भरला. तो वाचून म्हणाला, “‘व्यवसाय’ कोरा ठेवलाय. कोरा चालत नाही.”

मी लिहिलं, ‘शोधात.’

“शोध कशाचा?”

“जागेचा,” मी म्हणालो. आता दोन्ही अर्थांनी खरं होतं ते.

“मग चिठ्ठी काढता कशाला?” त्याने विचारलं, आणि अर्ज मला परत दिला.

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आम्हाला आता खरोखरच राहायला जागा हवी होती. मी मान खाली घालून किल्लीवाल्या एजंटच्या दुकानात गेलो. तारीख सव्वीस.

मला पाहताच तो उभा राहिला. “अहो साहेब, कालपासून तुम्हाला फोन लावतोय! सारखा व्यस्त! नर्सबाईंनी सही केली. तीन महिने मला जमलं नाही ते तुम्ही दहा मिनिटांत केलंत. माझ्याकडे जागा आहे.”

“कुठे?” मी विचारलं. “किती खोल्या?”

“इथे हो! या टेबलाशी. लोकांना घरं दाखवायची, प्रत्येक घराबद्दल एक पान लिहायचं. तुम्ही तिथे बोललात ना, तसंच. दोषासकट.”

मी खबरदारी म्हणून विचारलं, “म्हणजे भाड्याची नव्हे? पगाराची?”

“पगाराची!” तो म्हणाला आणि पुन्हा हसत भिंतीला टेकला.

खुर्ची लाकडी होती, जरा डुगडुगत होती. मी तिच्यात बसलो आणि पहिलं काम मागून घेतलं. मालकीणबाईंचा भाचा.

अठ्ठावीस तारखेला त्याला घेऊन मी चार घरं हिंडलो. उंच, मुका मुका मुलगा. कुठल्याच घराला हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी मी आमच्या वहीवरून सुचलेला प्रश्न विचारला. “तुला दिवसातली कुठली वेळ सगळ्यात आवडते?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “संध्याकाळी साडेसहा,” तो म्हणाला. “मावशीचा फोन सातला येतो. त्याच्या आधीची.”

मी त्याला पाचव्या ठिकाणी नेलं. वरचा मजला, मोठी गच्ची, सायकल ठेवायला जागा. “आधी दोष सांगतो,” मी म्हणालो. “स्वयंपाकघरात फोन लागत नाही. कुणाचाही. गच्चीवर आलं की लागतो.”

“अजिबात लागत नाही?”

“अजिबात.”

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते मी वहीत पूर्ण पानभर लिहिलं आहे. मालकीणबाईंना त्याने सांगितलं की मला गच्चीच हवी होती. त्यांनी आम्हाला वर येऊन विचारलं, “मग राहताय ना तुम्ही?” आणि खुर्ची फाटकाकडून जिन्याकडे वळवून घेतली.

तीस तारखेला सकाळी बायकोने ओट्याशी उभं राहून पत्र लिहिलं. अर्धा दिवस, इथेच. लिहून झाल्यावर घड्याळ बघून म्हणाली, “अकरा वाजले. दाखव ती फरशी.” ऊन आलं होतं. आम्ही दोघं चहाचे कप घेऊन तिसऱ्या फरशीवर पाय ठेवून उभे राहिलो. तिने पत्र पाठवलं तेव्हा ऊन ओट्याच्या पायाशी पोचलं होतं.

बसथांब्यावरची चिठ्ठी अजून आहे. फोन येतात. मी प्रत्येकाला विचारतो, “तुम्हाला कुठल्या वेळी घरी असायला आवडतं?” एजंट म्हणतो, धंदा वाढलाय. तारकाकांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, “म्हटलं नव्हतं?”

परवाच्या रविवारी दुपारी मी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवा झालो होतो. गच्चीतल्या झाडांना पाणी घालून बायको आत आली. शेजारी बसली. हळूच विचारलं, “जागा आहेस का रे?”

या वेळी मी उठलो नाही.

“आहे,” मी वर्तमानपत्राखालूनच म्हणालो. “आणि आहे.”